नोंदीतला माणूस

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांचा विचार केला. आज तोच विषय आपल्या जिल्ह्याच्या मातीवर आणू या.

सुरुवात स्वतःपासून. आमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून. आई सांगायची, तुझा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. गुरुजींनी अंदाजे तारीख टाकून दिली. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. पुढे पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार घरी आले. ‘तारीख बरोबर ना सर?’ आम्ही ‘हो’ म्हणालो. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट, आणि तोंडी धडधडीत असत्य! (हशा) आता २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला, जुन्या कागदांवर अहमदनगरच आहे. माणूस जागचा हललेला नाही, पत्ते मात्र दोन.

या चुका आम्ही हसण्यावारी नेतो, कारण आमच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. सगळ्यांचं तसं नसतं.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण अट घालतात: सांगणारा आप्त हवा. त्याला वस्तू ठाऊक हवी आणि ती आहे तशी त्याने सांगायला हवी. मग रजिस्टर लिहिणारा आप्त होता का, हे कोण पाहतो?

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश मुलखात लावता येऊ लागला. एखादी जमात जाहीर झाली की तिच्या माणसांची नावं रजिस्टरात. मग हजेरी, आणि गाव सोडायचं तर पास. माणसाने काय केलं हा प्रश्नच नाही. कुठे जन्मला तेवढं पुरे. आणि १८७१ च्या कायद्यात असंही कलम होतं की त्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर न्यायालयाने प्रश्न करायचा नाही. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचं दारच बंद!

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण रजिस्टर मिटलं तरी नजर तशीच राहिली, आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडच्या पारधी वस्त्यांवर विचारा. चोरी कुठेही होवो, पहिली चौकशी कुणाची होते? गंमत बघा, क्रूर गंमत. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जमातीकडून ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, आणि विमुक्त-भटक्यांकडून २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना गावात राहू दिलं नाही, ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? त्यांच्या आजोबाचा सरकारदरबारी एखादा कागद सापडलाच, तर तो पोलिसांच्या दप्तरातला असायचा.

आमचा एक विद्यार्थी अशाच वस्तीवरचा. नोकरी लागली, चारित्र्य पडताळणी आली, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची केस याच्या माथी बसली. वडिलांचं नाव वेगळं, वय वेगळं. वस्ती तेवढी एक. दुरुस्तीचा कागद हातात पडेतो रुजू व्हायची मुदत टळून गेली होती.

‘वर्तणूक चांगली’ असा आमचाही दाखला त्याच्याकडे होता. खरं सांगायचं तर असे छापील दाखले आम्ही गठ्ठ्याने सह्या करून द्यायचो. तो तो दाखला घेऊन आला नि म्हणाला, ‘सर, तुम्ही मला ओळखता, एवढं एक पत्र हाताने लिहून द्याल?’ आम्ही म्हणालो, ‘बाळ, ते कागदाप्रमाणेच चालतील.’ पत्र दिलं नाही. तिथे त्याची वस्ती पाहून लिहिलं गेलं, इथे आम्ही सवयीने सही केली. माणूस पाहून कुणीच लिहिलं नाही. आम्हीही आप्त नव्हतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. एक रकाना जायला स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षं लागली.

तेव्हा कुणाची नोंद हाती आली तर आधी विचारा: ही कुणी लिहिली, काय पाहून लिहिली, आणि चुकली असेल तर दुरुस्त कुठे करायची? उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाबद्दल मत बनवू नका. आणि कुणी हाताने लिहिलेलं पत्र मागितलं, तर द्या.

आता प्रश्न घेऊ.