अकुशल हाताला हमी, कुशल हाताला नुसतं सर्टिफिकेट?

पोस्ट जराशी लांब आहे, पण बोरी अरबच्या पारावर रोज जी चर्चा होते तिचाच हा इतिहास आहे. सवडीनं वाचा.

परवा पुतण्या म्हणाला, "काका, बाबाजीले हमीचं काम कायद्यानं भेटे, मले आयटीआय करूनही कोणी इचारत नाही. असं कसं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. म्हणून जुनं सगळं उकरून काढलं.

आधी बाबाजींच्या कामाची गोष्ट. रोजगार हमी ही दिल्लीची देणगी नाही, ती महाराष्ट्राची आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आपल्या तासगाव तालुक्यात हा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कराचा कायदा केला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या खिशातून थोडी रक्कम कापायची, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्या निधीतून गावात काम काढायचं. पण राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातलेली होती. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून ती २,५०० झाली. म्हणजे राज्याला स्वतःच्या हिमतीवर काही करायचं म्हटलं तरी हात किती लांबवायचा हे दिल्लीत ठरतं. संघराज्य म्हणतात ते हेच.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याला दिवसांची मर्यादा नव्हती. मागेल त्याला काम. आमचे बाबाजी याच मस्टरवर होते. पाझर तलाव, नाला बांध, रस्त्याची खडी, जे निघेल ते केलं. काम मिळालं नाही तर माणूस तहसीलदाराच्या दारात जाऊन उभा राहू शकत होता, कारण जबाबदार कोण ते ठरलेलं होतं.

पुढे २००५ मध्ये केंद्रानं हाच विचार देशाचा कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला आणि त्यात आपलं यवतमाळ होतं. अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्राचा, पण हमी वर्षाला १०० दिवसांची. त्यापुढच्या दिवसांचा खर्च महाराष्ट्रानं स्वतःकडे ठेवला. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्या जागी नवा कायदा आणला. दिवस १२५, पण खर्चाचा ४० टक्के वाटा राज्याचा. गाडी फिरून पुन्हा राज्याच्या तिजोरीपाशी आली.

या सगळ्या प्रवासात एक शब्द बदलला नाही, तो म्हणजे 'अकुशल'. हमी आहे ती टोपलं-फावड्याच्या कामाची.

आता पुतण्याची गोष्ट. आयटीआयची योजना १९५० मध्ये केंद्रानं सुरू केली. १९५६ मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे दिला आणि १९६९ मध्ये खर्चही त्यांच्या गळ्यात घातला. अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय प्रमाणपत्राचा दर्जा मात्र केंद्रीय परिषदेकडे राहिला. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, म्हणजे आपण अप्रेंटिसशिप म्हणतो तो, तोही केंद्राचा. इमारत राज्याची, शिक्षक राज्याचे, शिक्का केंद्राचा.

नोकरी कोणाची? ते कुठंच लिहिलेलं नाही.

राज्यघटनेत पाहिलं तर कामगारांचं व्यवसाय प्रशिक्षण पहिल्यापासून समवर्ती सूचीत आहे. 'रोजगार आणि बेरोजगारी' हा विषयही त्याच सूचीत. समवर्ती म्हणजे दोघांनीही कायदा करायचा. पण आपल्याकडची म्हण आहे ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. तशी गत झाली.

२०१५ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग मुदत वाढवली. पोरांनी ऑफिसात काम केलं, शिकलेही. मुदत संपली की पुन्हा पारावर. विद्यावेतन देणं वाईट नाही. पण ज्याच्या शेवटी काम नाही त्याला रोजगार कसं म्हणायचं?

दोन्ही वाटा जोडायचा एक प्रयत्न झाला होता. २०१९ च्या शेवटी केंद्रानं 'उन्नती' प्रकल्प आणला. ज्या कुटुंबानं मनरेगात १०० दिवस पूर्ण केले, त्यातल्या १८ ते ४५ वयाच्या एकाला कौशल्य प्रशिक्षण. कल्पना चांगली होती. पण आपल्या ओळखीत १०० दिवस पूर्ण भरलेली घरं किती, तुम्हीच मोजा. दारच इतकं अरुंद ठेवलं की आत जाणार कोण?

कोणी म्हणेल, सरकार सगळ्यांना नोकरी कुठून देणार? बरोबर आहे. मीही नोकरी मागत नाही. पागेसाहेबांनी तरी नोकरी कुठं दिली होती? त्यांनी काम दिलं, कामासाठी ठरलेला पैसा दिला आणि जबाबदार माणूस दिला. या तीन गोष्टी होत्या म्हणून ती योजना टिकली. कौशल्याच्या योजनांत यातली तिसरी गोष्ट कायम गायब असते.

कुशल काम गावात नाही असंही नाही. सौर पंप बसतायत, ते बिघडणार. जलजीवन मिशनचे नळ आलेत, त्यांची मोटर जळणार, पाइप फुटणार. घरकुलांचं वायरिंग, प्लंबिंग आहेच. दुरुस्तीला बाहेरचा माणूस येईपर्यंत चार दिवस जातात, आणि आपला इलेक्ट्रिशियन पोरगा चाकणला कंत्राटावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन याद्या मागू. एक, गावात आयटीआय किंवा कुठलंही प्रशिक्षण झालेले किती आणि कोणत्या ट्रेडचे. दुसरी, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुशल हात लागणारी कामं कोणती आणि ती सध्या कोणाला जातात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की निम्मं उत्तर तिथंच दिसेल. ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागून घ्या.

पुतण्याला आता सांगितलं, "बाबू, तुह्या बाबाजीले हमी कोणी फुकट नाही देल्ली. आधी मागणी झाली, मग कायदा झाला."

तुमच्या घरात ट्रेड झालेलं कोणी असेल तर खाली कमेंटमध्ये फक्त ट्रेडचं नाव लिहा. पहिली यादी इथूनच सुरू करू.