गाडी मालकाची, आयुष्य मिस्त्रीचे

मोटार हा धनिकांचा विषय. त्यावर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे कोणास वाटेल. पण हा इतिहास आम्ही कामाच्या बाजूने पाहिला आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तीच नाव बदलून पद्मिनी बाहेर पडली. परवान्यांच्या त्या काळात आयात जवळजवळ बंद, बनविणारे मोजके. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून मिळालेली गाडी मंडळी जिवापाड जपत. रविवारी बॉनेट उघडावे, बॅटरीत पाणी घालावे, प्लग घासावेत आणि चहाबरोबर वाद घालावा: ॲम्बॅसडर ऐसपैस व खड्ड्यांना दाद न देणारी, तर फियाट सुटसुटीत व पेट्रोलला काटकसरी. बोरघाटात मात्र दोन्ही पक्षांची बॉनेटे उघडी!

या वादात गॅरेजच्या मिस्त्रीला कोणी मोजले नाही. पॉइंटमधले अंतर नजरेने जुळविणारा, जुन्या भागाला पुन्हा कामाला लावणारा तोच. त्याला ना हजेरीपट, ना भविष्यनिर्वाह निधी. कारखान्यातल्या कामगारास आम्ही संघटित केले. रस्त्याकडेच्या गॅरेजात आम्ही फार थोडे गेलो. ही आमची चूक होय.

१९८३ साली मारुती ८०० आली, वाट पाहण्याचे दिवस हळूहळू सरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. ती रास्तच. पण तिला वीस वर्षे चालती ठेवणारे काळे हात अजून आपल्यातच आहेत. त्यांची विचारपूस व्हावी, एवढेच आमचे मागणे.