शपथ न घालणारे कॉलेज
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला शिकून आले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. ते तिथे काय शिकले, असे विचारले की मात्र उत्तरे चाचरत येतात. कुणी बॅरिस्टरी म्हणतो, कुणी तत्त्वज्ञान. खरे म्हणजे वकिलीचा अभ्यास अर्धा टाकून, जमखंडीचे हे अठ्ठावीस वर्षांचे पदवीधर सप्टेंबर १९०१ मध्ये बोटीत चढले ते ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणाऱ्या एका कॉलेजात जाण्यासाठी. बायबल, तौलनिक धर्म, तत्त्वज्ञान आणि धर्मोपदेशकाचे काम असा तिथला अभ्यास होता. दोन वर्षांनी ते परत आले. ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांनी व्हावे अशी त्या कॉलेजाची अपेक्षाही नव्हती.

हे कसे जमले, ते समजायचे तर त्या मँचेस्टर कॉलेजाची जन्मकथा पाहावी लागते. इंग्लंडमध्ये एकेकाळी ऑक्सफर्डला नाव घालतानाच अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. जे ख्रिस्ती असूनही ही कलमे मानत नसत, त्यांच्या मुलांना ते दार बंद. त्यांतले एक युनिटेरियन. देव एकच आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्याचे त्रैक्य नाही, असे मानणारे हे लोक. अशा बाहेर ठेवलेल्या मंडळींनी १७८६ मध्ये मँचेस्टरला स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तिथे शिक्षकाला वा विद्यार्थ्याला कोणत्याही मतावर सही करावी लागणार नाही, असे ठरले. अणुसिद्धान्ताचा जनक जॉन डाल्टन काही वर्षे या संस्थेत गणित शिकवत होता. पुढे तिने बरीच भटकंती केली: यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, मग लंडन. १८७१ च्या कायद्याने विद्यापीठातली धर्मपरीक्षेची अट बहुतांशी उठली आणि १८८९ मध्ये, ज्या गावाने एके काळी दार लावले होते त्याच ऑक्सफर्डमध्ये हे कॉलेज येऊन बसले. तरीही धर्मशास्त्रातल्या ऑक्सफर्डच्या वरच्या पदव्या १९२० पर्यंत अँग्लिकन धर्मगुरूंसाठीच राखून होत्या. पदवीसाठी कुणी मँचेस्टर कॉलेजात जात नसे.

प्रार्थना समाजाच्या तरुणाला हे घर परके वाटण्याचे कारण नव्हते. एकेश्वरी उपासना, मूर्तिपूजा नाही, कोणताही ग्रंथ शब्दशः ईश्वराचा मानायचा नाही, हे मुंबईत १८६७ पासून चालत आलेच होते. इंग्लंडच्या युनिटेरियनांनी शिष्यवृत्ती दिली, प्रवासाला बडोद्याच्या सयाजीरावांचा हात लागला.

आता वर्गात काय चाले ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. जुना करार शिकवायला अ‍ॅडिस नावाचे प्राध्यापक होते. हे गृहस्थ आधी रोमन कॅथलिक धर्मगुरू होते आणि तो पंथ सोडून आले होते. मोशेच्या नावावरचे ग्रंथ एका हातचे नाहीत, वेगवेगळ्या काळांतले थर त्यांत आहेत, हे त्या काळचे नवे संशोधन अशा वर्गांतून शिकवले जाई. प्राचार्य जेम्स ड्रमंड नव्या कराराचे पंडित. योहानाचे शुभवर्तमान खुद्द प्रेषित योहानाने लिहिले की नाही, हा तेव्हाचा मोठा वाद होता. युनिटेरियन माणूस ‘नाही’ म्हणणार, अशी कुणाचीही अटकळ. ड्रमंड यांनी पुरावा चाळला आणि परंपरा म्हणते तेच बरोबर असावे असा निष्कर्ष काढला. ते पुस्तक १९०३ चे, म्हणजे शिंदे तिथे होते तेव्हाचेच. आपल्या पंथाला सोयीचे नसलेले उत्तर लिहून छापणारा गुरू ज्याला मिळाला, त्याला पुराव्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसणार, असे मला वाटते.

तत्त्वज्ञानाला अप्टन होते. १९०२ मध्ये ड्रमंड आणि त्यांनी मिळून आपल्या गुरूंचे, जेम्स मार्टिनो यांचे चरित्र प्रसिद्ध केले. आणि तौलनिक धर्माला होते एस्टलिन कार्पेंटर. हा ख्रिस्ती प्राध्यापक पाली दीघनिकायाच्या संपादनात ऱ्हीस डेव्हिड्स यांचा सहकारी होता. एकाच माणसाकडे बायबल आणि बुद्धवचन दोन्ही एकाच कसोटीवर घासली जाताना पाहायला मिळणे, ही तेव्हा पुण्यामुंबईत न मिळणारी गोष्ट होती. काशीतही मिळाली नसती.

राहिला तिसरा विषय, धर्मोपदेशकाचे काम. आपल्याकडे कीर्तनकाराची तालीम असते, पुरोहिताचे पाठांतर असते. पण उपासना चालवणे, प्रवचन देणे, घरोघर जाऊन माणसांची विचारपूस करणे हे सारे धंद्यासारखे शिकवता येते, ही कल्पना नवी होती. युनिटेरियनांनी १८३०च्या दशकापासून लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर इथे गरीब वस्त्यांत जाणारी मिशने चालवली होती. पंथात माणसे ओढण्यापेक्षा त्यांच्या घरी जाणे, मुलांसाठी शाळा, बचत, आजारपणात मदत यांवर त्यांचा भर असे. कॉलेजही पुरुषांपुरते उरले नव्हते. गर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड या बाई तिथेच तयार झाल्या आणि १९०४ मध्ये लेस्टरच्या चर्चच्या धर्मोपदेशक बनल्या.

परतण्याआधी, सप्टेंबर १९०३ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्माविषयी निबंध वाचला. मुंबईत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. हुशार पदवीधराने मामलेदारी सोडून हे काम पत्करले याचे घरच्यांना काय वाटले असेल, ते आपण ओळखू शकतो.

पुढचे श्रेय सगळे ऑक्सफर्डच्या पदरात टाकू नये. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगारला अस्पृश्य बांधवांच्या रात्रीच्या सभेत त्यांनी जे पाहिले, ते कोणत्याही प्राध्यापकाने दाखवलेले नव्हते. पण १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला पहिली शाळा उघडली तेव्हा संस्थेचे इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन ठेवले गेले आणि मराठी नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. मिशन हा शब्द आपल्याकडे धर्मांतराशी जोडला गेलेला. तो धर्मांतराविना वापरता येतो, हे शिंदे इंग्लंडमध्ये पाहून आले होते. मंडळीने शाळा आणि वसतिगृहे चालवली, शिवणकाम आणि चांभारकाम शिकवले. मतभेदांनंतर १९१० मध्ये प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सुटले, मिशन मात्र सुटले नाही.

त्या वर्गाची खूण मला सर्वांत स्पष्ट दिसते ती १९३३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या पुस्तकात. अस्पृश्यता धर्माने सांगितली आहे असे म्हणणाऱ्यांशी ते नुसते भांडत बसत नाहीत. कोणता ग्रंथ कोणत्या काळचा, कोणता शब्द आधीचा, पाली वाङ्मयात चांडाळांविषयी काय आढळते, स्मृतींत काय, असे थर ते एकेक करून सोलतात. जुन्या कराराचे थर ज्या पद्धतीने वेगळे केले जात, त्याच पद्धतीने.