बैल, झोपा आणि स्ट्रट्स

"बैल गेला आणि झोपा केला" ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकतो. पण २०१७ साली इक्विफॅक्स नावाच्या अमेरिकन कंपनीत जे झालं ते या म्हणीच्याही पुढचं होतं. झोप्याचं सामान दारात येऊन पडलं होतं, तो किती तासांत बांधायचा याची मेलसुद्धा गेली होती, आणि तरी बैल गेला! बातम्यांमधून ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. पण त्यातला आपल्या धंद्याचा भाग, म्हणजे भोक सापडल्यापासून पॅच लागेपर्यंत मधे नेमकं काय काय होतं, तो बातम्यांमधे फारसा आला नाही. म्हणून या वीकेंडला तोच विषय.

आधी स्ट्रट्सबद्दल थोडं. २००० साली क्रेग मॅक्लानाहनने हे फ्रेमवर्क लिहिलं आणि ते अपाचीकडे गेलं. त्या दशकात जावा शिकून पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या बहुतेकांनी स्ट्रट्सची ती मारुतीच्या शेपटासारखी वाढत जाणारी एक्सएमएल फाइल कधी ना कधी चाळलेली आहे. मीही त्यातलाच. पुढे वेबवर्क नावाचं दुसरं फ्रेमवर्क त्यात विलीन झालं आणि स्ट्रट्स २ तयार झालं. पाटी स्ट्रट्सची, इंजिन वेबवर्कचं.

या इंजिनाबरोबर ओजीएनएल नावाची एक छोटी भाषा आली. पानावर एक एक्स्प्रेशन लिहायचं, फ्रेमवर्क ते चालवून उत्तर आणून देतं. फार सोयीचं प्रकरण. फक्त एकच गोम आहे. ही भाषा जावाच्या वाटेल त्या ऑब्जेक्टपर्यंत पोचू शकते, अगदी सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड चालवण्यापर्यंत. म्हणजे बाहेरून आलेला मजकूर चुकून ओजीएनएल म्हणून चालवला गेला, की खेळ खल्लास. आणि स्ट्रट्स २ मधे हे एकदा नाही, अनेकदा झालं. दर वेळी एक दार बंद करायचं आणि काही महिन्यांनी दुसरं उघडं सापडायचं.

७ मार्च २०१७ ला असंच एक दार जाहीर झालं. ब्राउझर फाइल अपलोड करतो तेव्हा 'कंटेंट-टाइप' नावाच्या हेडरमधे "यात फाइल येतेय" असं सांगतो. हे हेडर वेडंवाकडं असेल तर स्ट्रट्सचा पार्सर एरर द्यायचा. इथपर्यंत ठीक. पण एररच्या मजकुरात तेच वेडंवाकडं हेडर जसंच्या तसं चिकटवलेलं असायचं, आणि मग तो मजकूर भाषांतराच्या यंत्रणेकडे जायचा. ती यंत्रणा मजकुरात काही एक्स्प्रेशन दिसलं तर ते इमानदारीत चालवायची. म्हणजे हल्लेखोराने हेडरमधे कमांड लिहून पाठवायची आणि सर्व्हरने "तुमचं हेडर चुकलंय" हे सांगता सांगता ती कमांड चालवायची! लॉगिन लागत नाही. आणि तुमच्या ॲप्लिकेशनमधे फाइल अपलोडचा फॉर्म नसला तरी फरक पडत नाही, कारण हे सगळं तुमचा कोड सुरू व्हायच्या आधीच घडतं. गंभीरतेचे मार्क १० पैकी १०.

आता कल्पना करा, तुम्ही सिक्युरिटी टीममधे आहात आणि सकाळी ही सूचना हातात पडते. पहिला प्रश्न "किती गंभीर?" हा नाहीच, तो सूचनेतच सुटलेला आहे. खरे प्रश्न तीन: आपल्याकडे हे कुठे कुठे आहे? त्याचा मालक कोण? आणि पॅच लागेपर्यंत काय करायचं?

तिसऱ्याचं उत्तर दिसतं तेवढं सोपं नव्हतं. २.३.३२ किंवा २.५.१०.१ ही नवी आवृत्ती टाका असं अपाचीने सांगितलं होतं. पण चालू सिस्टिमची लायब्ररी बदलायची म्हणजे टेस्टिंग आलं, रिलीज आलं, चार जणांच्या सह्या आल्या. म्हणून अनेकांनी तात्पुरता उपाय केला: कंटेंट-टाइप तपासणारं एक फिल्टर पुढे बसवलं. त्याच महिन्यात दुसरी सूचना आली. तेच भोक 'कंटेंट-डिस्पोझिशन' या वेगळ्या हेडरमधूनही गाठता येतं. लायब्ररी बदललेले लोक निवांत होते, कारण नव्या आवृत्तीत मूळ दुखणंच काढलं होतं. फक्त फिल्टरवाले परत उघडे पडले. फिल्टर वाईट नाही, पण तो वेळ विकत घेण्यापुरता.

आणि वेळ तर मुळीच नव्हता. सिस्कोच्या तालोस टीमने ८ मार्चलाच सांगितलं की हल्ले सुरू झालेत.

आता इक्विफॅक्स. आपल्याकडे कर्ज घेताना सिबिलचा स्कोअर बघतात ना, तशी ही अमेरिकेतली क्रेडिट ब्युरो. ८ मार्चला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने त्यांना कळवलं. ९ मार्चला कंपनीत ४०० हून जास्त लोकांना मेल गेली की ४८ तासांत पॅच करा. १० मार्चला बाहेरच्या कोणीतरी त्यांचे सर्व्हर चाचपून पाहिले. १५ मार्चला कंपनीने स्वतः स्कॅन केलं, काही सापडलं नाही. संपलं! सगळे आपापल्या कामाला लागले.

ग्राहकांच्या तक्रारींचं जे पोर्टल होतं, ते मात्र जुन्या स्ट्रट्सवरच चालू राहिलं. १३ मेपासून हल्लेखोर त्यातून आत शिरले आणि ७६ दिवस आत राहिले. तिथे त्यांना साध्या मजकुरात ठेवलेले पासवर्ड मिळाले, त्यावरून इतर डेटाबेस उघडले. बाहेर जाणारी एन्क्रिप्टेड वाहतूक तपासणारं उपकरण होतं, पण त्याच्या सर्टिफिकेटची मुदत कधीच संपलेली, त्यामुळे ते आंधळं होऊन बसलेलं. जुलैअखेर सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद वाहतूक दिसायला लागली. ७ सप्टेंबरला जगाला सांगितलं. शेवटचा आकडा सुमारे १४.८ कोटी लोकांचा.

मग कंपनीच्या माजी प्रमुखाने अमेरिकन काँग्रेससमोर काय सांगितलं? एका माणसाने निरोप पुढे पोचवला नाही आणि स्कॅनरने भोक पकडलं नाही. त्या साक्षीच्या आदल्या दिवशी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला काढलंही होतं, एक मेल फॉरवर्ड केली नाही म्हणून.

माझा राग इथे आहे. कारण नंतर आलेले सरकारी आणि संसदीय अहवाल वेगळीच गोष्ट सांगतात. मेलची यादी जुनी होती. पोर्टलमधे स्ट्रट्स आहे हे ज्या डेव्हलपरला माहीत होतं, तो त्या ४०० जणांत नव्हताच! त्याचा मॅनेजर होता, पण मेल खाली आली नाही. स्कॅन मुख्य डिरेक्टरीत केलं आणि स्ट्रट्स होतं आतल्या डिरेक्टरीत. कंपनीकडे आपल्या सिस्टिम्सची पूर्ण यादीच नव्हती. आणि २०१५ सालीच त्यांच्या अंतर्गत ऑडिटने ८५०० हून जास्त भोकं ९० दिवसांपेक्षा जास्त काळ तशीच पडून असल्याचं लिहून ठेवलं होतं. दोन वर्षं आधी! हे सगळं एका मेलच्या डोक्यावर कसं काय फोडता येतं?

त्याच आठवड्यातलं दुसरं उदाहरण बघा. कॅनडाच्या कर खात्याने ऐन टॅक्स भरायच्या दिवसांत, १० मार्चला, आपल्या ऑनलाइन सेवाच बंद केल्या. पॅच लावला, तपासलं आणि १२ मार्चला परत सुरू केल्या. लोकांनी बोंब मारली असणारच. त्यांच्याच सरकारच्या सांख्यिकी खात्याच्या सर्व्हरमधे तोपर्यंत कोणीतरी शिरलंही होतं, म्हणजे भीती खोटी नव्हती. भोक तेच, पॅच तोच. कॅनडात दुकान दोन दिवस बंद ठेवायचा अधिकार असलेला माणूस जागेवर होता आणि त्याने तो वापरला, एवढाच फरक.

२०२१ च्या डिसेंबरमधे लॉग४जेच्या वेळी परत हेच नाटक झालं. बाहेरून आलेला मजकूर परत सूचना म्हणून चालवला गेला. पहिला दुरुस्तीचा पॅच अपुरा पडून आठवड्याच्या आत दुसरा काढावा लागला. आणि जगभर प्रश्न तोच: "आपल्याकडे हे कुठे आहे?" हल्ली सॉफ्टवेअरच्या आत कोणते भाग आहेत त्याची यादी सोबत द्यायची पद्धत रुजतेय, ती अशा अनुभवांमुळेच. वाण्याच्या यादीसारखं कंटाळवाणं काम आहे, कोणाला त्यासाठी प्रमोशन मिळत नाही. पण ती यादी असती तर इक्विफॅक्समधे ४०० लोकांना मेल पाठवावीच लागली नसती. ज्याला माहीत होतं त्या एकाला पाठवली असती तरी पुरलं असतं.

तेव्हा मंडळी, सोमवारी ऑफिसला गेलात की एक साधा प्रश्न विचारून बघा: आपल्याकडे सिक्युरिटीच्या सूचना ज्या यादीवर येतात, ती शेवटची कोणी आणि कधी तपासली? उत्तर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.