दोन बोटी, एक दर्यावर्दी

मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ ही बोट अवघी ३२ फुटांची. दोन डोलकाठ्यांची ‘केच’ मांडणी आणि लांब कील, म्हणजे कोकणातील बोटबांधणीत ज्याला पठाण म्हणतात ते, ही तिची ओळख. १९६८-६९ मध्ये तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ३१२ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच.

वारा शिडाला पुढे ढकलतो, तसा आडवाही ढकलतो. आडवे सरकणे कील अडवते; तिचे वजन कललेली बोट सरळ करते. लांब कील दिशा धरून ठेवते, मात्र पाण्याशी तिचे घर्षण अधिक. आखूड, पंखाकृती कील चपळ असते, पण सुकाणूकडे सतत लक्ष मागते. स्वयंचलित सुकाणू मोडल्यावरही शिडांचा तोल साधून ‘सुहैली’ मार्गावर राहिली, यात लांब कीलचा वाटा मोठा.

२०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्याच घाटाच्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा उतरले, ते ‘रस्लर ३६’ या एका डोलकाठीच्या बोटीवर. आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

मग एक डोलकाठी श्रेष्ठ ठरली काय? असा निष्कर्ष घाईचा होईल. लांब कील शर्यतीच्या नियमानेच बंधनकारक होती. बदलले ते शीड, लांबी आणि हवामान, तेही एकाच वेळी. शिवाय २०१८ चा विजेता ‘रस्लर ३६’वरच होता आणि त्याचीही बोट लाटेने आडवी पाडून डोलकाठीला इजा केली होती.

फुटणारी लाट बोटीला क्षणात फिरवते. त्या धक्क्याला कीलच्या वजनाइतकाच जडत्वाघूर्णही विरोध करतो. त्यात अंतराचा वर्ग येतो, म्हणून हलकी पण उंच डोलकाठीही मोलाची ठरते. ती मोडली की पुढची लाट बोटीला अधिक सहज उलटवते.

दोन सफरींतून बोटींची क्रमवारी लावता येत नाही. जखमी कण्यानिशी त्याच सागरात परतलेल्या माणसाचे यश केवळ शिडाच्या खात्यावर मांडणे हे विज्ञानालाही धरून नाही आणि न्यायालाही.