तांब्याची थाळी आणि गिरणीतली मोटार

काळाचौकी, लालबाग, परळ ही नावे उच्चारताच गिरणीचा भोंगा आणि उंच धुराडी यांचे स्मरण मुंबईकरास होते. या वस्तीने कापड किती विणले याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. परंतु येथे जी विजेची मोटार फिरली, तिचे मर्म तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसास कोणी समजावून दिले काय? हा प्रश्न विचारण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

गिरणीकामगारास वीज प्रथम भेटली ती दिव्याच्या रूपाने. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तास संपणारा कामाचा दिवस रात्रीपर्यंत लांबला. प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा पडली ती १९११ च्या कायद्याने. पुढे १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून, पाण्याच्या बळावर निर्माण झालेली वीज मुंबईस येऊ लागली. तोवर एका प्रचंड वाफेच्या एंजिनावर, दांडे, दोर व पट्टे यांच्या योगाने सबंध गिरणी चाले. ते काम क्रमाक्रमाने मोटारीने आपल्याकडे घेतले.

यंत्रविद्या शिकविणारी संस्था दूर नव्हती. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्ये माटुंग्यास जाईपर्यंत भायखळ्यासच होती. परंतु तेथील विद्येचे दार इंग्रजीचे होते आणि साचेवाल्याची भाषा मराठी. मातृभाषेतून धंदेशिक्षण देता येते, हे त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून दाखवू पाहिले होते. मुंबईने तो धडा मनावर घेतला नाही.

वस्तुतः मोटारीचे तत्त्व घरच्या तांब्याच्या थाळीवर शिकविता येते. थाळी दोऱ्याने आडवी टांगावी व तिच्याजवळ चुंबक धरावा. चुंबक तांब्यास ओढीत नाही, हे विद्यार्थ्यांस आधी पाहू द्यावे. मग जोरदार चुंबक थाळीखाली, तिला न शिवता, वेगाने फिरवावा. थाळी त्याच्यामागून फिरू लागते! हा चमत्कार आरागोने १८२४ मध्ये उजेडात आणला. उलगडा फॅरडेने १८३१ मध्ये केला. फिरत्या चुंबकामुळे थाळीत वीजप्रवाह उत्पन्न होतात आणि तेच तिला चुंबकामागे खेचतात. १८८० नंतरच्या दशकात फेरारिस व टेस्ला यांनी चुंबक हाताने फिरविण्याऐवजी, स्थिर वेटोळ्यांत क्रमाने चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रवाहांनी चुंबकक्षेत्रच फिरते केले. आतील फिरत्या भागास बाहेरून एकही तार जोडावी लागत नाही. तो भाग क्षेत्राच्या किंचित मागे राहतो. कारण त्याने क्षेत्रास गाठले, तर प्रवाहच थांबेल आणि ओढ संपेल.

एवढे समजण्यास इंग्रजी लागत नाही. थाळी, दोरा, चुंबक आणि प्रश्न विचारू देणारा शिक्षक लागतो. १९८२ च्या संपानंतर येथील गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ज्याला केवळ कळ दाबणे ठाऊक होते, त्याच्या हाती गिरणी गेल्यावर काय उरले? मोटारीचे मर्म जाणणाऱ्यास पंखा, पाण्याचा पंप, पिठाची चक्की अशी दहा दारे उघडी होती. आज त्याच चाळींतील मुले शाळेत मोटारीची आकृती पाठ करतात. त्यांच्यापुढे एकदा तरी ही थाळी फिरावी, एवढेच आमचे मागणे आहे.