उखळ, सूप आणि बेरीबेरी : तांदूळ सडण्याचा इतिहास



दुकानातून आणलेला पांढराशुभ्र तांदूळ आपण दोनदा धुतो आणि कुकरला लावतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भाताचा तांदूळ करणे हे घरातलेच काम होते. ते काम यंत्राकडे गेल्यावर आपण काय मिळवले आणि काय गमावले, एवढाच प्रश्न या टिपणात आपण पाहणार आहोत.

घरातील प्रक्रिया

शेतातून येते ते भात, म्हणजे टरफलासकट दाणा. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते. उखळात मुसळाने कांडले की तूस सुटते, आणि मग सुपाचे काम सुरू होते. सूप झटक्याने वर उडवले की हलके तूस हवेने पुढे जाऊन पडते आणि जड दाणा सुपात परत येतो. याला पाखडणे म्हणतात. सूप गोल फिरवून घोळले की कणी आणि खडे वेगळे होतात. द्रायूगतिकीच्या तासाला मी 'टर्मिनल व्हेलॉसिटी' शिकवतो तेव्हा हेच उदाहरण देतो. आजच्या गिरणीतील पंखाही याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की सुपाचे नियंत्रण बाईच्या मनगटात असे.

तूस निघालेला तांदूळ म्हणजे असडी तांदूळ. त्याच्यावर कोंड्याचा तांबूस-तपकिरी थर असतो. पुन्हा कांडून तो थर काढणे म्हणजे सडणे. हाताने कितीही सडले तरी थोडा कोंडा दाण्याला चिकटून राहतोच. कोंड्यात तेल असल्यामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून घरी लागेल तेवढेच कांडत.

कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा भागांत आणखी एक पद्धत होती व आहे. भात भिजवून, उकडून, वाळवून मग कांडायचे. हा उकडा तांदूळ. उकडताना दाण्यातील पिष्ट घट्ट होते, त्यामुळे कांडताना कणी कमी पडते. याचा दुसरा फायदा मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणाला कळला नव्हता.

यंत्र आले

१८८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये एव्हारिस्तो एंगलबर्ग यांनी हलर हे यंत्र तयार केले. तूस आणि कोंडा ते एकाच फेरीत काढी. पुढे अशी यंत्रे आशियाभर पसरली. गिरणीचा पांढरा तांदूळ टिकाऊ होता, त्यामुळे व्यापाऱ्याला, सैन्याला आणि तुरुंगाला तो सोयीचा पडला. आणि तिथेच बेरीबेरी वाढला. या रोगात पायांतील शक्ती जाते, अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय थकते.

१८८६ मध्ये डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान या रोगाचा जंतू शोधण्यासाठी जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला गेले. जंतू सापडला नाही. पण प्रयोगशाळेतील कोंबड्या लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले आणि कोंबड्या सुधारल्या. यानंतर आडोल्फ फोर्डरमान यांनी जावातील सुमारे १०० तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता, तर असडी तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत १०,००० मागे एकाला.

आइकमान यांना वाटले की पिष्टात विष आहे आणि कोंडा त्यावरचा उतारा आहे. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरित ग्राइन्स यांनी वेगळा अर्थ लावला : विष नाही, आवश्यक असे काहीतरी कमी पडते आहे. ते 'काहीतरी' म्हणजे थायमिन, अर्थात ब१ जीवनसत्त्व. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारतातील अनुभव

मद्रास इलाख्यात बेरीबेरी मुख्यतः आंध्रच्या किनारपट्टीवर आढळत असे. तिथे गिरणीत सडलेला, न उकडलेला तांदूळ खात. उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत रोग क्वचितच दिसे. कारण असे की भात भिजवताना आणि उकडताना कोंड्यातील ब१ पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते. मग वरचा कोंडा गेला तरी बराच भाग उरतो.

१९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला, तो पोषणासाठी आणि गावातील रोजगारासाठीही. बंगालमध्ये ढेंकीवर भात कांडून पोट भरणाऱ्या गरीब बायका, त्यांत अनेक विधवा, गिरण्यांमुळे कामाला मुकल्या होत्या. हातसडीला संरक्षण मिळावे म्हणून १९५८ मध्ये तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला. १९९७ मध्ये तो रद्द झाला.

निष्कर्ष काढताना

'जुने ते सोने' असे म्हणून इथे थांबू नका. माझी आजी पहाटे उठून कांडायला बसे. तिच्या तळहातांवरचे घट्टे मी पाहिले आहेत. गावात गिरणी आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला होता. शिवाय जुन्या सवयी सगळ्याच हिताच्या नव्हत्या. ब१ पाण्यात विरघळते, त्यामुळे तांदूळ चोळून-चोळून धुणे आणि पेज ओतून देणे यांत तोटाच होता. ज्या घरांत पेज प्यायची रीत होती, तिथे तो टळला.

मग शिकायचे काय? यंत्राने श्रम वाचवले हे खरे. पण तांदूळ पांढरा करणे एवढेच उद्दिष्ट यंत्रापुढे ठेवले गेले, आणि कोंड्याबरोबर काय जाते हे कोणी विचारले नाही. तुमच्यापैकी अनेक जण उद्या यंत्रे बनवतील. जुनी पद्धत बदलण्यापूर्वी ती नकळत कोणती कामे करत होती, याची यादी आधी करा.

स्वाध्याय : तुमच्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला धान्य निवडण्याची, पाखडण्याची किंवा दळण्याची एक पद्धत विचारा. त्यामागील शास्त्रीय तत्त्व लिहा, आणि ते श्रम कोणाच्या वाट्याला येत होते हेही लिहा.